ताटातले डावे-उजवे

मायबापहो, अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. कधी सप्ताहाच्या मांडवात एखादी सून विचारते, कधी शहरात राहणारा एखादा माळकरी तरुण विचारतो. "महाराज, पाहुणे येणार म्हणून आम्ही जेवणाचे टेबल सजवतो. फळांच्या फोडी फुलासारख्या लावतो, वाट्या एका ओळीत मांडतो, हातपुसणी घडी घालून ठेवतो. घरातली वडील माणसे म्हणतात, हा सगळा देखावा आहे. खरे काय समजावे? पाहुण्यासाठी ताट सजवणे ही सेवा की दंभ?"

प्रश्न लहान दिसतो. पण तो रोजच्या चुलीपाशी येऊन उभा राहतो, म्हणून मोठा आहे. वारी वर्षातून दोनदा, एकादशी महिन्यातून दोनदा. ताट मात्र दिवसातून दोनदा समोर येते. तिथे जे चुकते त्याची गोळाबेरीज आयुष्यभर होत राहते.

पहिल्यांदा वडीलधाऱ्यांना सांगतो. सजावट म्हटली की लगेच दंभ म्हणू नका. आपण पांडुरंगाला नुसते पाणी घालून मोकळे होतो का? पंचामृताचे स्नान होते, पोशाख होतो, गंध लागते, तुळशीचा हार पडतो. एकादशीला पंढरीचे मंदिर फुलांनी सजते, ते पाहून आपले डोळे भरून येतात. सुंदर करणे हे पाप असते, तर सगळ्यांत मोठा दोष देवाच्या पूजेलाच लागला असता. अतिथीला देव मानावे, असे तैत्तिरीय उपनिषद सांगते. मग देवासाठी जी रांगोळी चालते, ती अतिथीच्या पानाभोवती का चालू नये?

आता तरुणांना सांगतो. सजावट म्हणजे कला आणि कला म्हणजे सगळे शुद्ध, असेही समजू नका. एकच रांगोळी भक्तीने काढता येते आणि शेजारणीला खिजवायलाही काढता येते. रांगोळी तीच, ठिपके तेवढेच. फरक बाहेर दिसत नाही. म्हणून तो शोधायला आपल्या जुन्या ताटाकडेच जाऊ.

आपल्याकडे ताट वाढण्याची एक शिस्त आहे. घरोघरी थोडा फरक असेल, पण मूळ सारखे. वरच्या कडेला मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, उसळ, आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, वरून तुपाची धार. अनेक घरांत नैवेद्याच्या ताटात मात्र वरून मीठ वाढत नाहीत. त्याऐवजी तुळशीचे पान येते आणि ताटाखाली पाण्याने चौकोनी मंडल काढले जाते. ही आपली सजावटच आहे. पांढरा भात, पिवळे वरण, हिरवी चटणी, तांबडे लोणचे. चित्रकाराने हेवा करावा असे रंग.

पण ही मांडणी रंगासाठी झालेली नाही. आपण उजव्या हाताने जेवतो. जे पुन्हापुन्हा घासाला लागते ते उजवीकडे, हाताशी. जे चिमूटभर, बोटभर लागते ते डावीकडे. मीठ सगळ्यांना लागते, म्हणून समोर. डोळे मिटून हात फिरवला तरी जे हवे ते सापडावे. आंधळ्या म्हाताऱ्यालाही अशा ताटावर कोणाला काही विचारावे लागत नाही.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा तीच आहे. ताटातले हे डावे-उजवे कोणाचे? जेवणाऱ्याचे. वाढणारा तर समोर उभा असतो, त्यामुळे त्याचा डावा हात म्हणजे जेवणाऱ्याचा उजवा. नवशिक्या पोराला वाढायला लावले की ते हमखास चटणी उलट्या बाजूला वाढते, कारण ते आपल्या बाजूने पाहते. मग आजी सांगते, "अरे, तू त्यांच्या जागी बसलास असे समज आणि मग वाढ." आजीने किती मोठे सांगितले पाहा! आपली बाजू सोडायची, समोरच्याच्या पाटावर मनाने जाऊन बसायचे आणि मग चमचा उचलायचा. यापेक्षा वेगळा परमार्थ कोणता? स्वतःला विसरून दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहणे, हेच तर संतांनी जन्मभर शिकवले. ते शिक्षण आपल्या घरात चटणीच्या चमच्यातून होत होते.

म्हणून पहिला निवाडा असा की, ज्या मांडणीत जेवणाऱ्याच्या बाजूने पाहिलेले आहे ती सेवा. ज्या मांडणीत वाढणाऱ्याने फक्त आपल्या बाजूने पाहिले आहे, ती कितीही सुंदर असली तरी तिला सेवा म्हणता येणार नाही.

याला भांडी भारी लागत नाहीत. 1972 च्या दुष्काळात मी तरुण होतो. मराठवाड्यातल्या एका खेड्यात कीर्तनाला गेलो होतो. आड कोरडे, शेतात धूळ. लोक रोजगार हमीसारख्या दुष्काळी कामांवर खडी फोडत होते आणि रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या मिलोची भाकरी खात होते. ज्यांनी ती खाल्ली आहे त्यांना ती घशाखाली कशी उतरते ते ठाऊक आहे. एका म्हातारीने मला घरी नेले. जमीन झाडलेली होती. तिने पोते चौघडी करून अंथरले, बोट ओले करून जमिनीवर पाण्याची चौकट ओढली आणि तिच्यावर ताटली ठेवली. समोर मीठ, डावीकडे मिरचीचा ठेचा, उजवीकडे पाण्यासारखे पातळ कालवण, मध्ये ती तांबडी भाकरी. भाकरीचे चार तुकडे करून ठेवले होते, कारण मिलोची भाकरी निवली की मोडताना त्रास होतो. मग ती समोर बसली आणि म्हणाली, "जेवा बाबा, सावकाश." तिने मीठ समोरच ठेवले, ठेचा डावीकडेच ठेवला. दुष्काळाने तिच्या घरातले सगळे नेले होते, पण पाहुण्याच्या जागी बसून पाहण्याची दृष्टी त्याला नेता आली नव्हती. पुढे पन्नास वर्षे अनेक घरांत जेवलो; सजवलेले ताट म्हटले की मला ती ताटली आठवते.

आता याच्या उलट बाजूचे प्रमाण महाभारतातच आहे. उद्योगपर्वात भगवान श्रीकृष्ण पांडवांचे दूत म्हणून हस्तिनापुरास निघाले. ते येणार हे कळल्यावर वाटेत वृकस्थळाला त्यांच्यासाठी मंडप उभारले गेले. रत्ने, आसने, गंध, माळा, अन्नपान, कशाला कमी नव्हते. आजच्या भाषेत सांगायचे तर स्वागताची मांडणी उत्तम होती. भगवंताने तिकडे पाहिलेही नाही आणि ते पुढे गेले. हस्तिनापुरात दुर्योधनाने जेवणाचे आमंत्रण दिले, तेही नाकारले. कारण विचारले तेव्हा भगवंताने जे सांगितले त्याचा आशय असा: दुसऱ्याचे अन्न दोन प्रसंगी खावे, देणाऱ्याची प्रीती असेल तेव्हा, किंवा खाणाऱ्यावर आपत्ती असेल तेव्हा. तुझ्या मनात प्रीती नाही आणि माझ्यावर आपत्ती नाही. मग ते विदुराघरी गेले आणि तिथे जेवले. आपल्या कीर्तनांतून त्या जेवणाच्या कण्या झाल्या आणि कण्यांची गोडी घरोघरी पोचली.

दुर्योधनाचे काय चुकले? ताटात कमतरता नव्हती. ते ताट कृष्णाच्या बाजूने मांडलेले नव्हते, एवढेच. ते त्याला वश करण्यासाठी, आपला थाट दाखवण्यासाठी मांडले होते. पाहुणा हे निमित्त होते.

असे दुर्योधनाचे ताट आपल्याही नकळत आपल्या घरात मांडले जाते. एकदा एका मोठ्या घरी आम्हाला जेवायला बोलावले होते. टेबलावर फुले, मेणबत्त्या, नक्षीदार ताटे. काकडीचे मोर, टोमॅटोचे गुलाब. मला बसवले. घरची मंडळी मोबाइल घेऊन उभी राहिली. वरून एक छायाचित्र, बाजूने एक, मग माझ्यासह एक, मग "महाराज, जरा घास हातात धरा" म्हणून आणखी एक. आमचा मृदंगवादक आणि गाडीचा चालक यांना मागच्या पडवीत साध्या ताटल्यांत वाढले होते. परत निघाल्यावर मृदंगवादक मला हळूच म्हणाला, "महाराज, आमची आमटी कढत होती. तुमची निवली असेल." मी हसलो, पण ते बोलणे साधे नव्हते. माझे ताट छायाचित्राच्या बाजूने मांडले होते आणि त्यांचे ताट कोणाच्याच बाजूने मांडले नव्हते. माझी फक्त आमटी निवली. त्यांना काय वाटले असेल, ते आमटीच्या गरमपणाने भरून निघणारे नव्हते.

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अमानित्वाच्या लगोलग अदंभित्व येते. मान नको आणि दंभ नको, ही जोडीच आहे. कारण मानाची भूक लागली की दंभ तिला जेवण पुरवतो. अदंभित्वावर निरूपण करताना ज्ञानोबारायांनी लोभी माणसाचा दृष्टान्त घेतला आहे. लोभ्याने धन पुरून ठेवलेले असते आणि जीव गेला तरी ती जागा तो सांगत नाही. तसे ज्याच्या अंगी अदंभित्व आहे तो आपले सुकृत झाकून ठेवतो. कृपणाला एरवी आपण नावे ठेवतो. माउलींनी त्याचा एक गुण उचलून संताला दिला! आता आपण स्वतःला विचारावे. पाहुणा अजून हात धुतो आहे आणि त्याला काय वाढले हे चारशे लोकांना कळले. मग ते धन पुरले की उधळले? आठवण म्हणून एखादे छायाचित्र काढले तर बिघडत नाही. पण जेवण थांबवून छायाचित्र, की जेवण झाल्यावर सगळ्यांचे मिळून एक छायाचित्र, एवढ्यावरून आपल्याला आपली बाजू कळते.

दुसरा निवाडा पंगतीचा. मराठीत "डावे-उजवे करणे" याचा अर्थच मुळी भेदभाव करणे. आपल्या भाषेने ताटातला शब्द उचलून माणसांना लावला आणि सावध केले. ताटात डावे-उजवे हवे, पंगतीत नको. पक्तिभेद हा आपल्याकडे अन्नाचा मोठा दोष मानला आहे. दिंडीत जमिनीवर पंगत बसते. पत्रावळी पडतात, एका टोकापासून वाढप सुरू होते. पहिल्याच्या पानात सगळे पडले तरी तो हात घालत नाही. शेवटच्या पानात पडते, पुंडलिकाच्या नावाचा गजर होतो, मग सगळे एकदम पहिला घास घेतात. जमीनदार आणि मजूर यांच्या पत्रावळीत तेच असते आणि तेवढेच असते. शेवटी वाढपी बसतात आणि त्यांना आधी जेवलेले वाढतात.

घरातल्या टेबलावर ही शेवटची रीत का विसरावी? जिने सकाळपासून उभे राहून काप केले, फुले लावली, वाट्या भरल्या, ती माउली पाहुणे गेल्यावर ओट्यापाशी उभ्याने काय खाते? तिचे ताट कोण मांडतो? भांडी घासायला येणाऱ्या बाईला त्या दिवशी दुप्पट काम पडते. तिच्या डब्यात काय जाते? ते कसे जाते, नीट भरून की उरलेसुरले एकत्र करून? सजावटीचा खरा कस समोरच्या खोलीत लागत नाही, मागच्या दारी लागतो.

पैठणच्या नाथांची कथा आपण सारे जाणतो. घरी श्राद्ध होते. पितरांच्या नावाने पानावर बसणाऱ्या ब्राह्मणांसाठी स्वयंपाक सिद्ध झाला होता. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले होते अशी काही माणसे लेकराबाळांसह वाटेने चालली होती. अन्नाचा सुवास आला आणि लेकरू म्हणाले, असे आपल्याला कधी मिळेल? नाथांनी ते ऐकले. नाथ आणि गिरिजाबाई यांनी त्यांना आत बोलावून बसवले आणि तोच स्वयंपाक पोटभर वाढला. उरले म्हणून दिले नाही, आधी दिले. मग घर सारवून पुन्हा स्वयंपाक केला. ब्राह्मण रुसले, पण पितर येऊन तृप्त झाले, असे कथा सांगते. त्या लेकराचे बोलणे नाथांना ऐकू आले, कारण स्वयंपाकघरात असतानाही त्यांचे कान भुकेल्याच्या बाजूला होते.

आणि आपल्या संप्रदायाचा शेवटचा प्रसाद कोणता? काला. सप्ताहाची सांगता काल्याने होते. गोपाळांच्या शिदोऱ्या भगवंताने एकत्र केल्या. कोणाचे दही, कोणाच्या लाह्या, कोणाचे पोहे, कोणाचे लोणचे. काल्यात डावे नाही, उजवे नाही. दिसायला त्याच्यात काही शोभा नाही, आणि तो एकमेकांच्या मुखी घातला जातो तेव्हा देवांनाही त्याचा हेवा वाटतो असे आपण सांगतो. शिस्तीने वाढलेले ताट आणि सगळे एक करणारा काला, दोन्ही आपलेच आहेत. दोन्हींत घास दुसऱ्यासाठी आहे.

आता तिसरी गोष्ट, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिची वाटते. सजावटीच्या हौसेपेक्षा सजावटीची भीती जास्त नुकसान करते आहे. अनेक घरांत पाहुणे बोलावणे बंद झाले आहे. विचारले तर म्हणतात, "त्यांच्या घरी केवढे केले होते, आपल्याला तसे जमणार नाही." काचेच्या कपाटात ताटांचा संच पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेला, आणि त्याला शोभेल असा बेत होत नाही म्हणून वर्षानुवर्षे पाहुणाच नाही! गरिबाने भाकरीवर बोलवायचे सोडले आणि श्रीमंताने मांडणी झाल्याशिवाय दार उघडायचे सोडले, तर दारे बंद होणार ती दोघांची. ताट सुंदर झाले आणि दार लागले, हा सौदा फार महागात पडतो. गावात एकटी राहणारी म्हातारी, नोकरीसाठी शहरात आलेला पोरगा, नुकतेच घरात दुःख झालेला शेजारी यांना टोमॅटोचा गुलाब नको असतो. कोणीतरी "ये, बस" म्हणावे एवढेच हवे असते.

ही भीती मनातून जावी म्हणून चोखोबारायांच्या घरचे जेवण आठवा. महिपतिबाबांनी भक्तविजयात ती कथा गायिली आहे. साक्षात पांडुरंग चोखोबांच्या अंगणात जेवायला बसले होते. चोखोबांच्या पत्नी वाढत होत्या. वाढता वाढता दही सांडले आणि देवाच्या पीतांबरावर पडले. चोखोबा म्हणाले, अगं, जपून, पांडुरंगाच्या पीतांबरावर दही सांडले. वाटेने जाणाऱ्या एका पुजाऱ्याने ते ऐकले. हा सोंग करतो, असे समजून त्याने चोखोबांना थप्पड मारली. देवळात येऊन पाहतो तो देवाचा पीतांबर दह्याने भिजलेला आणि गाल सुजलेला!

मायबापहो, या कथेत थप्पड देवाला लागली हे आपण नेहमी सांगतो, आणि ते सांगायलाच हवे. पण त्या दह्याकडेही एकदा पाहा. वाढणारीचा हात चुकला. आजच्या हिशेबाने मांडणी बिघडली, पाहुण्याचे वस्त्र खराब झाले. पाहुणा रागावला नाही, उठला नाही, पीतांबर धुऊन आला नाही. तो डाग अंगावर घेऊन विटेवर जाऊन उभा राहिला. ज्यांच्या घरी प्रीतीने बोलावले होते, त्यांच्या हातचे दही त्याला अलंकारासारखे झाले. तुमच्या घरी आमटी सांडली, पोळी करपली, वाट्या एका संचातल्या नसल्या, तर संकोच करू नका.

आणि मुळात आपल्या दैवताचे आसन तरी कोणते? भक्त पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. देव दारी आला. हातची सेवा टाकून पुंडलिक उठला नाही, पण पाहुण्याला चिखलमातीत उभे राहू देणेही त्याला पटले नाही. हाताशी होती ती वीट त्याने पुढे केली. अठ्ठावीस युगे झाली, पाहुणा त्या विटेवरून हललेला नाही. वीट कोरलेली नव्हती, तिच्यावर गादी नव्हती. पण आत सेवा खरी चालू होती आणि बाहेरच्यासाठी जे होते ते तत्काळ दिले होते. आपल्या संप्रदायात अतिथीसाठी केलेली पहिली मांडणी ही अशी आहे.

तेव्हा सजवा. जमत असेल तर सजवा, हौस असेल तर सजवा. लेकी-सुनांच्या हाताला कला असेल तर वडिलांनी तिचे कौतुक करावे, नाक मुरडू नये. फक्त ताट मांडून झाले की एकदा टेबलाच्या पलीकडे जाऊन पाहुण्याच्या जागी बसून पाहा. त्याला पाणी हाताशी आहे का? दात नसलेल्या आजोबांना चावेल असे काही आहे का? एकादशी असलेल्या माळकऱ्यासाठी उपासाचे वेगळे ठेवले आहे का? सजवलेले पदार्थ खायचे आहेत की नुसते पाहायचे, हे पाहुण्याला कळते आहे का? खाल्ले जाईल एवढेच मांडले आहे का, की शोभेसाठी रचलेली रास उद्या उकिरड्यावर जाणार आहे? अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणतो. ब्रह्म शोभेला ठेवून मग फेकून देता येत नाही. पाहुण्यासोबत आलेल्या माणसाचे ताटही तसेच आहे का? आणि वाढणारीसाठी एक ताट आधीच झाकून ठेवले आहे का?

एवढे पाहिले की मग फुलांचा हार ताटाभोवती घाला नाहीतर ओल्या बोटाने पाण्याची रेघ ओढा, दोन्ही सारखेच. समोर जेवायला बसलेल्याच्या रूपाने जो जेवतो आहे, त्याला त्यातले काय पोचते ते नीट ठाऊक आहे.

रामकृष्ण हरी.